हकीम अजमल खानांचे नाव औषधाला देणारे डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी

कलौंजीच्या तेलाची बाटली आज आपल्या बहुतेक घरांत सापडते. भंडारा असो, तुमसर असो की पवनी, जुम्याच्या नमाजनंतर अत्तर-टोपीच्या दुकानावर ती दिसतेच. सर्दीला चालते, गुडघ्याला चालते, शुगरला चालते, असे सांगितले जाते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या काळ्या दाण्याबद्दल जे सांगितले ते सहीह बुखारीत आहे आणि ते प्रत्येकाला माहीत आहे. पण त्या दाण्यात नेमके आहे तरी काय? तो कुटून, गाळून, त्यातला एकेक पदार्थ वेगळा काढून, हा अमुक आणि तो तमुक असे ठामपणे सांगायचे काम कोणी केले? या प्रश्नाच्या मागे गेलो की एका माणसाचे नाव वारंवार समोर येते. डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी. कलौंजीवर त्यांनी स्वतः हात चालवला असे नाही. पण ज्या संस्थेत कलौंजीच्या दाण्यातली नवी अल्कलॉइड सापडली ती संस्था त्यांनी उभी केली, आणि युनानी औषधांना प्रयोगशाळेत बसवण्याचा जो रस्ता आहे तो त्यांनी तयार केला.

आपल्याकडे अब्दुल हमीद साहेबांचे, म्हणजे मुंबईत १९३५ साली सिप्ला उभी करणाऱ्या ख्वाजा अब्दुल हमीद यांचे नाव थोडेफार घेतले जाते. सिद्दीकींचे फारसे घेतले जात नाही. त्याचे एक कारण उघड आहे, ते १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले. पण त्यांचे सगळ्यात मोठे काम दिल्लीत, करोल बागेतल्या तिब्बिया कॉलेजात झाले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८९७ चा, लखनौजवळच्या बाराबंकी जिल्ह्यातल्या सुबेहा गावचा. घराणे शिकलेले. थोरले भाऊ चौधरी खलीकुज्जमान पुढे मुस्लिम लीगचे मोठे पुढारी झाले. धाकट्याचा ओढा राजकारणाकडे नव्हता. पण मग कशाकडे होता, हेही बरीच वर्षे कोणाला कळले नसावे. अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली ती तत्त्वज्ञान आणि फारसी या विषयांत, १९१९ साली. हातात ब्रश कायम. कोळशाने आणि रंगांनी चित्रे काढायची. पुढे फ्रँकफर्टला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शनही भरले. आज एखाद्या घरातल्या मुलाने फारसी घेऊन बीए केले आणि दिवसभर चित्रे काढत बसला तर त्याच्या वालिदांना रात्री झोप लागणार नाही.

१९२० मध्ये ते लंडनला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेजात डॉक्टरीचे शिक्षण घ्यायला. तिथे वर्षभर काढले आणि डॉक्टरी सोडली. जर्मनीत फ्रँकफर्ट गाठले आणि रसायनशास्त्र सुरू केले. म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, परक्या देशात, परक्या भाषेत, अगदी पहिल्या पायरीपासून. पहिल्या महायुद्धानंतरचा जर्मनी तो. नोटांच्या थप्प्या देऊन पाव विकत घ्यायचे दिवस. तिथेच १९२४ मध्ये त्यांनी एथेल श्नीमान या जर्मन सहाध्यायिनीशी लग्न केले, आणि १९२७ मध्ये प्रोफेसर युलियस फॉन ब्राउन यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. फॉन ब्राउन हे नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय पदार्थांचे मोठे जाणकार. अल्कलॉइड याच जातीचे पदार्थ, आणि शिष्याचे उभे आयुष्य त्यातच गेले.

आता हकीम अजमल खान साहेबांबद्दल सांगायला हवे, कारण ते नसते तर सिद्दीकी कदाचित जर्मनीतच कुठल्या तरी रंगाच्या कारखान्यात नोकरीला लागले असते. हकीम साहेब दिल्लीच्या शरीफी खानदानाचे. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष, जामिया मिलियाच्या संस्थापकांपैकी एक, गांधीजींचे जवळचे. पण पेशाने आणि मनाने हकीम. १९१२ साली मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला तेव्हा वैद्य-हकीमांचा धंदाच बेकायदा ठरतो की काय अशी भीती पसरली. हकीम साहेबांनी त्याआधीच वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत आणलेले होते. त्यांचे एक म्हणणे मात्र इतर हकीमांना टोचायचे. आपली औषधे खरी आहेत असा नुसता दावा करून भागणार नाही, ती तपासून दाखवली पाहिजेत, असे ते म्हणत. त्यासाठी त्यांनी दिल्लीत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभे केले. १९१६ मध्ये पायाभरणी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हातून झाली आणि १९२१ मध्ये उद्घाटन गांधीजींच्या हातून. या दोन हातांतला फरक पाहिला की मधल्या पाच वर्षांत देश कुठून कुठे गेला ते कळते.

त्या कॉलेजाला संशोधनाची प्रयोगशाळा हवी होती, आणि ती चालवणारा असा माणूस हवा होता ज्याला फारसी ग्रंथही वाचता येतील आणि फॉन ब्राउनची भट्टीही पेटवता येईल. असा माणूस देशात शोधून मिळाला नसता. सलीमुज्जमान यांची फारसीची पदवी, जी घरच्यांना वाया गेलेली वाटली असेल, ती इथे कामाला आली. हकीम साहेबांच्या सल्ल्याने आणि आधाराने ते दिल्लीत आले. पण काम नीट सुरू व्हायच्या आतच, २९ डिसेंबर १९२७ ला, हकीम साहेबांचा इंतकाल झाला. पाठीराखा गेला, पैशाची तंगी आली, आणि संशोधनाची सगळी जबाबदारी तिशीतल्या तरुणावर पडली. तो तिथून हलला नाही. १९४० पर्यंत राहिला.

त्यांनी हातात घेतलेली पहिली मोठी वनस्पती म्हणजे सर्पगंधा. हकीम तिला असरोल म्हणतात. पूर्वेकडे तिला पागलांची बुटी असेही म्हणत, कारण वेड्याच्या झटक्यात, झोप उडालेल्या माणसाला तिच्या मुळ्यांची पूड देत. शेकडो वर्षांचा वापर. पण मुळीत काम करणारा पदार्थ कोणता, ते कोणालाच माहीत नव्हते.

अशा मुळीतून किंवा दाण्यातून पदार्थ वेगळा कसा काढतात, हे एकदा सोप्या भाषेत समजून घेऊ. मुळ्या वाळवायच्या, दळायच्या. बी असेल तर आधी त्यातले तेल काढून टाकायचे, नाहीतर पुढे सगळा चिकटा होतो. मग ती पूड अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायची, जसा चहा पाण्यात उतरतो तसा अर्क अल्कोहोलमध्ये उतरतो. अल्कोहोल उडवले की खाली काळपट, डिंकासारखा लगदा राहतो. त्यात पन्नास गोष्टी असतात. अल्कलॉइड या जातीच्या पदार्थांचा एक गुण इथे उपयोगी पडतो, ते आम्ल घातलेल्या पाण्यात विरघळतात. म्हणून लगदा आंबट पाण्यात ढवळायचा. अल्कलॉइड पाण्यात जातात, राळ आणि चरबी बाजूला राहते. ते पाणी गाळून त्यात अमोनिया टाकला की पाण्याचे आम्लपण जाते, अल्कलॉइडना पाण्यात राहवत नाही, ते बाहेर पडतात. मग क्लोरोफॉर्मसारख्या द्रवात त्यांना उचलून घ्यायचे. एवढे केले तरी हातात एक पदार्थ नसतो, एका कुटुंबातले पाच-सात भाऊ असतात. त्यांना वेगळे करायचे म्हणजे वेगवेगळ्या द्रवांत पुन्हा पुन्हा विरघळवून स्फटिक पाडायचे. साखरेचा खडा धाग्यावर वाढतो तसेच, फक्त इथे साखर चिमूटभर आणि सबुरी मणभर.

स्फटिक मिळाले, पण ते शुद्ध आहेत कशावरून? तर ते ठरलेल्या एकाच तापमानाला वितळतात का ते पाहायचे. भेसळ असेल तर आधीच आणि हळूहळू वितळतात. शुद्ध ठरले की वजन करून थोडे जाळायचे, किती कार्बन डायऑक्साइड आणि किती पाणी निघाले ते मोजायचे, त्यावरून त्यात कार्बन किती, हायड्रोजन किती हे काढायचे. आज मशीन तासाभरात जे सांगते, ते तेव्हा काचेच्या नळ्या आणि तराजू घेऊन महिनोन्महिने करावे लागे. करोल बागेत हेच चालले होते.

१९३१ मध्ये सलीमुज्जमान आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून पाच अल्कलॉइड वेगळे काढल्याचे भारतीय रसायन परिषदेच्या जर्नलात छापले. तीन पांढरे, दोन पिवळे. पिवळ्या दोघांना वनस्पतीच्या लॅटिन नावावरून सर्पेंटाइन आणि सर्पेंटिनाइन अशी नावे दिली. पांढऱ्या तिघांना अजमलाइन, अजमलिनाइन आणि अजमलिसाइन. चार वर्षांपूर्वी वारलेल्या हकीम साहेबांचे नाव असे जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत गेले. उस्तादाचे ऋण फेडायच्या अनेक तऱ्हा असतात, त्यातली ही मला फार आवडते. पुतळा नाही, रस्त्याला नाव नाही. कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत त्या पदार्थाबद्दल बोलायचे तर अजमल म्हणावेच लागते.

पण इथेच या कहाणीतला अवघड भाग आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जुन्या हकीमांचा अशा कामाला एक आक्षेप होता. मुळी म्हणजे पूर्ण मुळी, तिच्यातला एक पदार्थ काढून बाजूला ठेवला की औषध मेले, असे त्यांचे म्हणणे. सिद्दीकींनी काढलेले पाचही पदार्थ खरे होते, शुद्ध होते. पण ज्या गुणासाठी सर्पगंधा प्रसिद्ध, म्हणजे डोके शांत करणे, झोप आणणे, रक्तदाब उतरवणे, त्यातला मुख्य पदार्थ त्या पाचांत नव्हता. तो बाजूला टाकलेल्या राळेत बसलेला होता. तिकडे मुंबईत केईएम हॉस्पिटलचे डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या अख्ख्या मुळीच्या गोळ्या रक्तदाबाच्या रुग्णांना देत होते. १९४९ मध्ये त्यांनी ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि युरोप-अमेरिकेचे डोळे उघडले. मग स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तीच राळ पुन्हा धुंडाळली आणि १९५२ मध्ये त्यातून रेसरपिन काढले. रक्तदाबाच्या आणि मानसिक आजाराच्या औषधांत त्याने त्या काळी मोठी उलथापालथ केली. नाव झाले बासेलचे, पैसा झाला बासेलचा. वकील साहेबांना निदान १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या प्रयोगशाळेचे नाव त्या गोंगाटात मागे पडले.

मग हकीम बरोबर होते का? अर्धे. पूर्ण मुळीत जो गुण होता तो पाच पदार्थांत नव्हता, इथपर्यंत ते बरोबर. पण तो गुण कुठल्या गूढ एकत्रपणात नव्हता, तोही एक पदार्थच निघाला, फक्त दुसऱ्या चाळणीत अडकलेला. आणि अजमलाइन बिनकामाचे ठरले असेही नाही. ते हृदयाच्या ठोक्याची लय सांभाळणारे निघाले. म्हणजे वेडावरच्या मुळीत हृदयाचे औषध सापडले, जे कुठल्याच जुन्या ग्रंथात शोधून मिळाले नसते.

सर्पगंधेनंतर कुडा. आपल्या नाकाडोंगरी, साकोलीच्या जंगलाकडे गेलात तर पांढऱ्या फुलांचा कुडा ओळखणारी माणसे आजही भेटतील. साल मुरड्यावर, आवेवर, आणि त्याच्या बिया म्हणजे इंद्रजव. त्या कुड्याच्या सालीतल्या अल्कलॉइडवर सिद्दीकींनी १९३० च्या दशकात बरेच काम केले. आणि मग कडुनिंब. १९४० मध्ये शांतिस्वरूप भटनागर यांच्या बोलावण्यावरून ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधनाच्या सरकारी संस्थेत गेले. तिथे निंबोळीचे तेल घेतले. निंबोळीचा कडूपणा सगळ्यांच्या जिभेला माहीत, पण त्या कडूपणाचे नाव काय? १९४२ मध्ये त्यांनी तीन कडू पदार्थ वेगळे केल्याचे जाहीर केले. निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन. कडुनिंबाच्या बियांची आधुनिक रसायनचिकित्सा तिथून सुरू झाली. आज शेतात फवारायच्या निंबोळी अर्काच्या बाटलीवर जे अझाडिरॅक्टिनचे टक्के लिहिलेले असतात, तो पदार्थ पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतूनच निघाला. धानाला फवारणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने ती बाटली शंभरदा पाहिली असेल.

बियांचा विषय निघाला आहे तर भंडाऱ्याचीच एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोरी फेकायची आपली जुनी पद्धत. त्या लाखोरीच्या डाळीने, ती दुष्काळात महिनोन्महिने जवळजवळ एकटीच खाल्ली तर, पाय लुळे पडतात हे लोक पिढ्यान्पिढ्या पाहत होते. कोणी नजर म्हणे, कोणी वारा म्हणे. १९६४ मध्ये राव, अडिगा आणि सर्मा या भारतीय शास्त्रज्ञांनी त्या दाण्यातून नसांना मारणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याची घडण सांगितली. तो पाण्यात उतरतो, म्हणून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले की विष कमी होते, हेही मग कारणासकट कळले. दाण्यात काय आहे हे नेमके माहीत असणे आणि नसणे यात कधीकधी माणसाच्या पायांचा फरक असतो.

१९५१. पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांनी बोलावले आणि सिद्दीकी कराचीला गेले. फाळणीनंतर चार वर्षे ते भारतात सरकारी शास्त्रज्ञ म्हणून काम करत होते, हे त्यांच्यावर टीका करणारे विसरतात. आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जानेवारी १९५० मध्ये सुरू झालेली असताना असा माणूस देश सोडून गेला ही आपली हानी होती, हे त्यांचे कौतुक करणारे विसरतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिकडे गेल्यावर काय होते? इमारत नाही, उपकरणे नाहीत. बोलावणारे लियाकत अली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मारले गेले. म्हणजे दुसऱ्यांदा तेच, काम उभे राहायच्या आत पाठीराखा गेला. तिब्बियाचा अनुभव इथे कामी आला असणार. १९५३ मध्ये त्यांनी तिथली वैज्ञानिक संशोधन परिषद उभी केली आणि १९६६ पर्यंत चालवली. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले.

एरवी माणूस सत्तरीत निवृत्त होतो. हे सत्तरीत कराची विद्यापीठात गेले आणि रसायनशास्त्राची पदव्युत्तर संस्था सुरू केली. १९७६ मध्ये हुसेन इब्राहिम जमाल फाउंडेशनने तिला ५० लाख रुपयांची देणगी दिली, आणि तेव्हापासून संस्था त्या नावाने ओळखली जाते. व्यापाऱ्याच्या घरातून मशिदीला, मदरशाला पैसा जातो हे आपण रोज पाहतो. प्रयोगशाळेला एवढा पैसा गेल्याची उदाहरणे बोटावर मोजण्याइतकीच आहेत.

कलौंजी आली ती याच संस्थेत. तिच्यावर काम आधी इजिप्तमध्ये सुरू झाले होते. १९६३ मध्ये अल-दखाखनी यांनी कलौंजीच्या उडणाऱ्या तेलातून थायमोक्विनोन काढल्याचे छापले. आज कलौंजीवरच्या बहुतेक प्रयोगांत याच पदार्थाचे नाव असते. गंमत म्हणजे याच्या अणूंची ठेवण आणि आपल्या ओव्यातल्या थायमॉलची ठेवण सख्ख्या बहिणींसारखी आहे. ओव्याचा तो पदार्थ पुण्याच्या बाजारात अजवाइन का फूल म्हणून पांढऱ्या खड्यांच्या रूपात विकला जायचा, आणि १८५० च्या दशकात स्टेनहाउस आणि हेन्स या रसायनतज्ज्ञांनी तो युरोपातल्या थाइमच्या रोपातला थायमॉलच आहे हे ओळखले होते. म्हणजे पुण्याच्या पंसाऱ्याकडे शुद्ध थायमॉल होते, फक्त नाव वेगळे होते.

कराचीत डॉ. अता-उर-रहमान आणि सहकाऱ्यांनी कलौंजीच्या तेलाऐवजी तिच्यातली अल्कलॉइड शोधली. १९८५ मध्ये नायजेलिसिन हे नवे अल्कलॉइड त्यांनी जाहीर केले. त्याची घडण ठरवायला स्फटिकावर क्ष-किरण सोडावे लागले, आणि त्यात अमेरिकेतले जॉन क्लार्डी सोबत होते. पद्धत मात्र ओळखीची. दाणे दळा, तेल काढा, अल्कोहोलात भिजवा, आंबट पाण्यात घ्या, अमोनियाने सोडवा. करोल बागेचीच चाळणी, फक्त शेवटी तराजू-नळीच्या जागी मशीन.

इथे घरच्या माणसांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कलौंजीच्या दाण्यात एक-तृतीयांशाच्या आसपास साधे स्थिर तेल असते, उडणारे तेल फार थोडे, आणि त्यात थायमोक्विनोन कमी-जास्त. जमीन, वाण, साठवण, तेल काढायची पद्धत, सगळ्याने ते बदलते. बाजारात तर दाणाही एक राहत नाही. कोणी कलौंजीला कांद्याचे बी म्हणून देतो, कोणी काळे जिरे मागितले तर कडू जिरे बांधून देतो. तिन्ही वनस्पती वेगळ्या. म्हणून बाटलीच्या भरवशावर शुगरची गोळी किंवा इन्सुलिन बंद करणे हा हदीसवरचा विश्वास नव्हे, ती दुकानदारावरची मेहेरबानी आहे. इमाम खत्ताबी यांच्यासारख्या जुन्या भाष्यकारांनीही कलौंजीचे ते सांगणे सरसकट सगळ्या आजारांना न लावता ठरावीक प्रकारच्या आजारांपुरते मानले आहे. स्वयंपाकात नानवर, लोणच्यात, भाजीत कलौंजी खुशाल घाला. औषध म्हणून घ्यायची तर आपल्या डॉक्टरला किंवा शिकलेल्या हकीमाला सांगून घ्या.

सिद्दीकी १९९० पर्यंत संस्थेचे संचालक होते. त्यानंतरही, नव्वदी ओलांडलेली असताना, प्रयोगशाळेत जात राहिले. कडुनिंब त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. १४ एप्रिल १९९४ रोजी कराचीत त्यांचा इंतकाल झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेतून कलौंजीच्या दाण्यातल्या आणखी एका अल्कलॉइडची, नायजेलिडिनची, बातमी छापून आली.

आणि अजमलाइन? तरुण, धडधाकट माणसाचे हृदय झोपेत अचानक बंद पाडणारा ब्रुगाडा नावाचा एक आजार १९९२ मध्ये डॉक्टरांनी ओळखला. साध्या ईसीजीत तो अनेकदा लपून राहतो. तो उघडा पाडायला हृदयरोगतज्ज्ञ एक चाचणी करतात. ईसीजीची पट्टी चालू ठेवून रुग्णाच्या शिरेतून हळूहळू अजमलाइन सोडतात, आणि लपलेली खूण काही मिनिटांत कागदावर उमटते.